एकशे बारा किलोंच्या मेंढ्याचा मेंदू

“एवढाच?”

लाल्ला बतूलने फोडलेल्या कवटीत बोट घालून पाहिले. कोपऱ्यात आणखी काही अडकले असेल म्हणून चमच्याचा दांडाही फिरवला. काही नाही. होते नव्हते ते सगळे तिच्या तळहातावर आले होते: ओले, गुलाबी, सुरकुतलेले आणि मोठ्या लिंबाएवढे. मूठ मिटली असती तर दिसलेही नसते.

मेंढा एकशे बारा किलोंचा होता. सबंध मेकनेस शहराला नसले तरी गल्लीतल्या नऊ घरांना हे पाठ झाले होते, कारण गेले दहा दिवस बतूल दुसरे काही बोलतच नव्हती. अज्रू गावच्या बाजारात त्याला काट्यावर चढवायला तीन माणसे लागली. गल्लीत आणला तेव्हा तो दोन्ही भिंतींना घासत आला आणि दोन्हीकडचा चुना अंगावर घेऊन घरी पोचला. त्याच्यामागून बतूल चालत होती, ती वरमायही चालणार नाही अशा तोऱ्यात.

बतूलचा नियम साधा होता. मोठे ते चांगले. पातेले मोठे हवे, दाराची कडी मोठी हवी, आवाज तर मोठा हवाच. नवरा एवढा मोठा होता की बिचारा दारातून आडवा होऊन आत यायचा, आणि गेला तेव्हा चार खांदे पुरले नाहीत, सहा लागले. त्यामुळे धाकट्या लेकीने, नेझाने, फुआद नावाच्या शाळामास्तराला घरी आणले, तेव्हा त्याला वरपासून खालपर्यंत बघायला बतूलला फार वेळ लागला नाही. “हा मुलगा आहे की मुलाचा फोटो?” असे तिने त्याच्यासमोरच विचारले होते. पण नेझा एकोणतीस वर्षांची, औषधांच्या दुकानात नोकरी करणारी, आणि हट्टाच्या बाबतीत आईचीच लेक. लग्न करीन तर ह्याच्याशी, म्हणाली. बतूलने आठ दिवस आदळआपट केली आणि नवव्या दिवशी हो म्हटले.

आता गाडे अडले होते ते फुआदच्या आईपाशी.

हज करून आलेली ही हाज्जा तामू सला शहरात राहायची आणि सुनेच्या शोधात दोन घरे नाकारून बसली होती. एका घरात गालिचा आजीच्या वेळचा म्हणून दाखवला, तर मागे दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. दुसऱ्या घरी मध आमच्याच पोळ्यांचा म्हणाले, आणि बरणीचे झाकण उघडताना दुकानातल्या सीलबंद बरणीसारखा टप्पकन आवाज झाला. हाज्जा दोन्ही घरांतून चहा अर्धा टाकून उठली. “भांड्यापेक्षा झाकण मोठं असलेल्या घरची मुलगी मला नको,” असा तिचा निरोप फिरत फिरत बतूलच्या कानावरही आला होता.

आणि एवढे माहीत असून बतूलची जीभ घसरली. मोठ्या ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सहा माणसे मागणी घालायला येणार, एवढेच फोनवर ठरायचे होते. बोलता बोलता हाज्जा म्हणाली, “मला बाई मांसापेक्षा मेंदू आवडतो. पण घरात आम्ही सहा. एका मेंढ्याचा मेंदू तो काय, एकेक घास येतो वाट्याला.”

“आमच्याकडं या की,” बतूल म्हणाली. “आमच्या मेंढ्याच्या एका डोक्यात तुम्हा सहाही जणांचं पोट भरेल.”

पलीकडे चहाचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

“एका डोक्यात?”

“एकाच.”

“बरं,” हाज्जा म्हणाली. “बघू.”

तेव्हा नेझाने आपले कपाळ भिंतीला टेकवले होते. पण बतूलचा हिशेब चोख होता. शाळेत ती दीडच वर्ष गेली असली तरी त्रैराशिक तिला स्वयंपाकघराने शिकवले होते. चाळीस वर्षे तिच्या घरी पन्नास किलोंचा मेंढा यायचा. त्याच्या मेंदूत तिघांचे भागायचे. मग एकशे बारा किलोंमध्ये सहा जण जेवून वर मांजरालाही उरले पाहिजे. ह्यात कुठे चूक आहे ते कोणीही दाखवावे.

चूक आता तळहातावर होती.

ईदचा पहिलाच दिवस. कुर्बानी सकाळीच झाली होती, अंगणात मेंढा उलटा टांगला होता, आणि चरबीच्या जाळीत गुंडाळलेल्या काळजाच्या सळया खाऊन घर सुस्तावले होते. डोके दुसऱ्या दिवशी फोडायची गल्लीची रीत. पण उद्याच्या जेवणासाठी मेंदू आजच मिठाच्या पाण्यात घालावा, सावकाश पापुद्रे काढावेत, म्हणून बतूलने दुपारीच कुऱ्हाड हातात घेतली होती.

“नेझा! इकडं ये. मोठ्यानं हसायचं नाही.”

नेझा आली, बघितले, आणि मोठ्याने हसली. मग तिला उद्याची आठवण झाली आणि ती चुलीजवळच्या तिवईवर बसली. “आई, आता गं? ती चहा टाकून उठेल.”

“उठते कशाला? अजून बसली तरी आहे का? त्या तुझ्या मास्तराला फोन लाव. प्राण्यांचं शिकलाय ना तो? सांगू दे बाकीचा कुठं गेला.”

फुआद फोनवर आला. मागून सळया परतल्याचा चर्र आवाज येत होता.

“ईद मुबारक, लाल्ला.” गल्लीसारखाच तोही बतूलला मानाने लाल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

“तुलाही बाबा. आता सांग, एकशे बारा किलोंच्या मेंढ्याला मेंदू किती असतो?”

“साधारण शंभर-सव्वाशे ग्राम.”

“आणि पन्नास किलोंच्या?”

“शंभर-सव्वाशे ग्राम.”

बतूलने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिले आणि परत कानाला लावला. “शाळेत पोरांना हेच शिकवतोस?”

“लाल्ला, अंग वाढतं तसा मेंदू वाढत नाही. मेंढ्यानं खाल्लं, चरबी चढली, लोकर आली. पण चरबी सांभाळायला वेगळा मेंदू लागत नाही. म्हणून जनावर जेवढं थोराड, तेवढा अंगाच्या मानानं मेंदू कमी. माणसाचा अंगाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा असतो. चिमणीचा चौदाव्या.”

“म्हणजे चिमणी माझ्यापेक्षा शहाणी?”

“तसं नाही...”

“आणि माझ्या मेंढ्याचा?”

फुआदने मनातल्या मनात भागाकार केला. “नऊशेवा हिस्सा. जरा कमी-जास्त.”

“आणि मुंगीचा? मुंगीचाही सांगून टाक.”

“मुंगीचा सातवा म्हणतात, लाल्ला.”

“मग त्या शाळेत तुझ्याऐवजी मुंगीच ठेवायला हवी होती,” बतूल म्हणाली आणि फोन नेझाच्या हातात दिला. चरबी सांभाळायला मेंदू लागत नाही, हे वाक्य तिला आवडले नव्हते. ती स्वतः शहाण्णव किलोंची होती.

नेझाने फोन बंद केला. “आई, तो शिकलेला आहे.”

“आणि मी चाळीस वर्षं शिजवलेलं आहे. मला सांग, मांस विस्तवावर धरलं की काय होतं?”

“आटतं.”

“मग मेंदू काय आकाशातून पडलाय? तोही आटतो. हे त्या बुअज्जाचं काम. मुंडकं जास्त भाजलंय त्यानं.”

तिने एका बशीत मेंदू ठेवला, वर दुसरी बशी झाकली आणि चपला पायात अडकवून निघाली. नेझा मागोमाग धावली.

बुअज्जा हा लोहार. वर्षभर तो गल्लीच्या तोंडाशी दारांच्या कड्या आणि खिडक्यांचे गज करायचा. ईदच्या दिवशी मात्र भाता बाहेर आणून अख्ख्या गल्लीच्या मुंडक्यांचे केस जाळून द्यायचा, शिंगे कापून द्यायचा. काळी झालेली मुंडकी सारखीच दिसतात, म्हणून प्रत्येकाच्या कानात तार ओवलेली, आणि तारेला घराच्या क्रमांकाएवढ्या गाठी. बतूलचे घर तिसरे, तिच्या मुंडक्याला तीन गाठी. बावीस वर्षांत एकदाही गाठ चुकली नव्हती.

“बुअज्जा, किती वेळ भाजलंस माझं मुंडकं?”

“जेवढा वेळ लागतो तेवढा, लाल्ला. मोठं होतं. दोन भाते जास्त मारले.”

“बघ! कबूल झाला!” बतूलने बशी उघडली. “एवढा मोठा मेंदू होता, तू आटवून लिंबाएवढा करून ठेवलास!”

बुअज्जाने चिमटा खाली ठेवला. तो शांत माणूस होता, पण धंद्यावर आले की लोखंडही तापते. “लाल्ला बतूल, माझ्या भट्टीनं केस जाळले, कातडी जाळली, एकदा माझी अर्धी मिशी जाळली. पण मेंदू कोणाचा आटवला नाही.”

“तुझाच आटला असेल. तुला कसा कळणार?”

चार बायका दारांत आल्याच होत्या, आता आठ झाल्या. ह्याला कारण होते. त्या गल्लीत असे एक घर नव्हते ज्याला बतूलने कधी ना कधी बिनडोक म्हटले नव्हते. तीच बतूल आता एवढासा मेंदू बशीत घेऊन भर रस्त्यात उभी होती. असा सण रोज येत नाही.

बुअज्जाला मात्र हसू येत नव्हते. उद्या ही गोष्ट मशिदीपर्यंत जाणार, परवा बाजारापर्यंत. बुअज्जाची भट्टी मेंदू आटवते म्हटल्यावर पुढच्या ईदला त्याच्याकडे मुंडके आणणार कोण? त्याने कुऱ्हाड उचलली.

“फोडून बघू. माझ्याच विस्तवावरचं दुसरं मुंडकं फोडतो. हे कुणाचं? चार गाठी. महजूबा, तुझं.”

महजूबा शेजारच्या चौथ्या घरात राहायची आणि अंगरखे शिवायची. एकटी बाई, म्हणून तिने एकतीस किलोंची मेंढी आणली होती. ती मेंढी गल्लीत शिरली तेव्हा बतूल दारातून ओरडली होती, “महजूबा, मांजर कापायला मनाई आहे गं धर्मात!” महजूबा तेव्हा मान खाली घालून मेंढी ओढत घरात गेली होती. आता ती हातातली सुई गळ्याजवळ टोचून पुढे आली.

“फोड रे दादा. बतूलच्या हिशेबानं आत वाटाणा निघेल.”

“वाटाणा कुठला, मोहरी,” बतूल म्हणाली.

कुऱ्हाड पडली. आत लिंबू निघाले. मोठे लिंबू.

बायकांमध्ये कुजबुज झाली. बतूल म्हणाली, डोळ्यांचा भरवसा नको, आणि नेझाला घरी पाठवून आपली पितळी तागडी मागवली. बुअज्जाने ती आकड्याला टांगली. एका पारड्यात एकशे बारा किलोंच्या मेंढ्याचा मेंदू, दुसऱ्यात एकतीस किलोंच्या मेंढीचा. दोन्ही पारडी जरा डुलली, समोरासमोर आली आणि मग अगदी हलकेच महजूबाचे पारडे एक बोटभर खाली गेले.

“मांजराचा जास्त भरला,” महजूबा म्हणाली.

“भरणारच,” बतूलने एक क्षणही घेतला नाही. “तुझी मेंढी लहान. लहान मुंडकं कमी भाजलं. कमी भाजलं म्हणून कमी आटलं. माझं म्हणणंच सिद्ध झालं.”

हे ऐकायला इतके बरोबर होते की दोघी-तिघींनी माना डोलावल्या. बुअज्जाच्या कपाळाची शीर फुगली. “ठीक. एक गाठ कुणाची? ते तर सगळ्यांत जास्त वेळ विस्तवात होतं, मी मध्ये चहा प्यायला गेलो होतो.” फोडले. पारड्यात घातले. सारखेच. “ते बोकडासारखं होतं, त्याचं धरू नका,” बतूल म्हणाली. सहा गाठींचे फोडले. सारखेच. पाचव्या घरची सासू ओरडत आली, “अरे, उद्या फोडायचं असतं, आज काय करतोस?” पण तोवर पाच गाठींचेही फुटले होते, आणि तिलाही आपला किती भरतो ते बघायचे होतेच. मग सात, मग आठ, मग दोन. प्रत्येक वेळी बतूलजवळ नवे कारण तयार होते, आणि प्रत्येक कारणाला बुअज्जाजवळ एक नवे मुंडके होते.

“जे भाजलंच नाही असं आण!” शेवटी बतूलने आव्हान दिले. “तरच मी मानीन.”

नेमका तेव्हाच नवव्या घरचा हम्मू, पावाच्या सार्वजनिक भट्टीचा मालक, बादलीत मुंडके घेऊन आला. दिवसभर भट्टीवर होता म्हणून त्याला उशीर झाला होता. मुंडक्यावर लोकर जशीच्या तशी होती. काय चाललेय हे त्याने विचारायच्या आत बादली हलकी झाली. कुऱ्हाड पडली. बुअज्जाने मेंदू दोन बोटांनी उचलला, पारड्यात ठेवला आणि हात वर करून मागे सरकला.

काटा सरळ उभा राहिला.

“ह्याला मी काडीसुद्धा लावली नव्हती, लाल्ला,” तो म्हणाला.

बतूलने काट्याला बोटाने टिचकी मारली. तो डुलला आणि पुन्हा सरळ झाला. मग तिने तागडी सोडवली, पुसली आणि काखेत मारली. “तो मास्तर बरोबर होता म्हणायचा,” ती पुटपुटली, पण ते फक्त नेझाने ऐकले.

आता वेगळाच प्रश्न उभा राहिला. नऊ मेंदू उघडे पडले होते. उघडा मेंदू आजच्या आज धुवून, सोलून मार्गी लावावा लागतो, आणि ईदच्या दिवशी कोणाच्या घरी हाताला उसंत नव्हती, शीतकपाटात बोट घालायला जागा नव्हती.

“तुझ्यापायी फुटले, तू शिजव,” पाचव्या घरची सासू म्हणाली.

“आणा,” बतूल म्हणाली. “नऊच्या नऊ आणा. मला काय धाड भरलीये?”

“आणि आमचा आम्ही खाऊ कधी?”

“उद्या दुपारी या. आपापला खा आणि चालते व्हा.”

हे बोलून झाल्यावर तिला नेझाचा चेहरा दिसला, आणि उद्या दुपारी आणखी कोण येणार आहे ते आठवले. पण दिलेला शब्द बतूलने आजवर कधी मागे घेतला नव्हता. निदान चारचौघांत तरी नाही.

संध्याकाळी मायलेकी नळाची बारीक धार सोडून मेंदूवरचे पापुद्रे सोडवत बसल्या. हे काम घाईचे नाही. नखाने उचलायचे, धारेने सुटू द्यायचे. नऊ मेंदूंनी मोठी परात भरली होती. बतूलच्या डोळ्यांत हळूहळू एक विचार चमकू लागला.

“परात बघितलीस, नेझा? सहा जणांचं पोट भरेल.”

“आई, नाही हं.”

“मी कुठं खोटं बोलणार आहे? ताट मांडायचं आणि गप्प बसायचं. बघणाऱ्यानं काय समजायचं ते त्याचं त्यानं ठरवावं.”

“तू गप्प बसशील?”

बतूल थांबली. असे तिने आयुष्यात कधी करून पाहिले नव्हते. “प्रयत्न करीन,” ती म्हणाली.

नेझा हात पुसून उठली आणि मागच्या दाराने महजूबाकडे गेली. हाज्जाला एका डोक्यात सहा जणांचे जेवण कबूल केले आहे, जमले नाही तर ती उठून जाईल, एवढे तिने रडतरडत सांगितले. गालिच्याची आणि मधाची गोष्ट मात्र रडण्याच्या भरात राहून गेली. महजूबाने तिचे डोळे पुसले. “जा, झोप. गल्ली आहे ना.”

दुसऱ्या दिवशी हाज्जा तामू आली. मुलगा कोणावर गेला आहे ते बघताक्षणी कळले. हाज्जा दाराच्या कडीएवढ्या उंचीची होती. पण ती बसली आणि सगळे आपोआप नीट बसले. तिच्याबरोबर फुआद, त्याचा काका, काकू आणि दोन बहिणी. भिंतीकडेच्या बैठकीवर गल्लीची आठ घरे धुतलेल्या कपड्यांत आधीच मांडून ठेवलेली.

“शेजारी आहेत,” बतूल म्हणाली, आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसली.

ताट आले. टोमॅटो आणि लसणाच्या लाल रश्श्यात, जिरे, कोथिंबीर, मुरवलेल्या लिंबाच्या फोडी, आणि मध्ये तो डोंगर. बतूलने मुद्दाम मेंदू कापले नव्हते, भारदस्त दिसावे म्हणून. हाज्जाने ताटाकडे पाहिले. पावाला हात लावला नाही.

“हे एकाच डोक्यातलं?”

बतूलने तोंड उघडले. पण तिच्याआधी बुअज्जा बोलला.

“एकाच, हाज्जा! मी स्वतः फोडलं. कुऱ्हाडीला दोनदा धार लावावी लागली.”

“मी तर बादली घेऊन उभा होतो,” हम्मू म्हणाला. “बादली भरली.”

“पहिल्यांदा आम्हाला वाटलं, आत दुसरा मेंढा आहे,” पाचव्या घरची सासू म्हणाली.

“मेंढा हुशारच होता,” महजूबा शांतपणे म्हणाली. “कुर्बानीच्या आधी मला सलाम करून गेला.”

गल्लीला आता रंग चढला होता. वर्षानुवर्षे बतूलच्या बढाया ऐकून सगळ्यांना ती विद्या आलीच होती, फक्त वापरायला संधी मिळाली नव्हती. आणि जसजसा मेंढा वाढत होता, तसतसा हाज्जाचा चेहरा मिटत होता, संध्याकाळी दुकानाची फळी ओढावी तसा. तिचा हात मांडीवरच्या पिशवीकडे गेला. नेझा पांढरी पडली.

“फुआद,” हाज्जा म्हणाली, “तू शिकवतोस ना हे? सांग. एका मेंढ्यात एवढा मेंदू मावतो?”

फुआदने ताटाकडे पाहिले, नेझाकडे पाहिले, मग बतूलकडे. त्याचे कान लाल झाले. “आई... असा मेंढा माझ्या पाहण्यात नाही आला. पण मी तरी सगळे मेंढे कुठं पाहिलेत?”

ज्या मास्तराच्या जागी आपण मुंगी ठेवायला निघालो तो आपल्यासाठी आपली विद्या गिळतोय, हे बतूलला दिसले. आणि हाज्जाच्या बोटांत पिशवीचा बंद दिसला.

“गप्प बसा सगळे!” तिचा आवाज अंगणापर्यंत गेला. “खोटं आहे हाज्जा! लिंबाएवढा होता! माझ्या मेंढ्याचा मेंदू लिंबाएवढा होता!”

“लाल्ला विनय करतेय,” बुअज्जा हाज्जाला समजावत म्हणाला.

बतूलवर हा आरोप जन्मात पहिल्यांदा होत होता. “कसला विनय रे मेल्या! एकशे बारा किलोंची नुसती चरबी होती ती! तुझ्याच तागडीवर—माझ्याच तागडीवर मोजला की नाही आपण?”

“आम्हाला नाही आठवत,” हम्मू निष्ठेने म्हणाला.

“नेझा, ती कवटी आण!”

कवटी आली. बतूलने दोन्ही फाका जोडून धरल्या, ताटातला एक मेंदू उचलून आतल्या खळग्यात बसवला. पाय आपल्याच चपलेत बसावा तसा तो बसला. रस्सा तिच्या कोपरापर्यंत ओघळला. “बघा. एवढीच जागा आहे. दुसरा घालून दाखवा, मी आत्ता ह्या घरातून निघून जाते. नऊ मेंढ्यांचे नऊ मेंदू आहेत हे. माझी जीभ मोठी, मेंढा मोठा, बाकी काही मोठं नाही. पोरीचा काही दोष नाही ह्यात. ती तुमच्या मुलासारखीच आहे, जेवढं आहे तेवढंच बोलते.”

हाज्जाने पिशवी मांडीवरून उचलली आणि शेजारी ठेवली.

“नऊ आहेत ते मीही मोजले होते,” ती म्हणाली. “पंचेचाळीस वर्षं मुंडकी फोडतेय. एका डोक्यात किती असतं ते मला फोनवरच ठाऊक होतं.”

“मग विचारलंत कशाला?”

“मेंढ्याचा मेंदू बघायला नव्हते आले.” मग तिने त्या आठ घरांवरून नजर फिरवली. “पण विहीणबाई, तुमच्यासाठी आठ घरं एवढं खोटं बोलतात? माझ्यासाठी सलामध्ये एकसुद्धा बोलणार नाही.”

विहीणबाई हा शब्द पहिल्यांदा नेझाने ऐकला. मग बाकीच्यांनी. काकाने घसा साफ केला, सगळ्यांनी हात वर केले आणि फातिहाची प्रार्थना पढली गेली. फातिहा पढून झाली की बोलणे पक्के. दोन्हीकडच्या बायकांनी जिभा हलवून आनंदाची आरोळी दिली. फुआदचे कान तसेच लाल राहिले, पण आता कारण वेगळे होते.

“आता जेवू,” हाज्जाने पाव मोडला. “पहिला घास तुमच्याच मेंढ्याचा द्या. ह्यातला कुठला तो?”

बतूलने ताटाकडे पाहिले. नऊच्या नऊ सारखे. तिने ताट अर्धे फिरवले, पुन्हा फिरवले. मग सगळ्यांत टपोरा दिसला तो अलगद उचलून हाज्जापुढे ठेवला.

“हा,” ती म्हणाली. “एकशे बारा किलोंचा.”

“तो माझा आहे,” महजूबा म्हणाली.

बतूलने त्याच्यावर आणखी दोन चमचे रस्सा ओतला.